युरियासोबत कादंबरी

हसा, माझी काही हरकत नाही. फक्त चहाचा घोट तोंडात असताना हसू नका. मागं हाच किस्सा ऐकताना आमच्या मेव्हण्याच्या नाकातनं चहा आला आणि त्याचा नवाकोरा शर्ट गेला. आता काय सांगू तुम्हाला, मूर्खपणा कुणी करत नाही? सगळेच करतात. पण मांडव घालून, लाऊडस्पीकर लावून, पेढे वाटून मूर्खपणा करणारा येरमाळ्यात मीच एकटा!

तर माझं हायवेला लागून खता-बियाण्यांचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीत आहे. सकाळी शटर वर केलं की संध्याकाळपर्यंत एकच पारायण. 'अण्णा, अळी पडली, काय मारू?' 'अण्णा, पानं पिवळी पडली, काय टाकू?' असल्या माणसानं गपगुमान धंदा करावा की नाही? पण मला लिहायची खाज. बरं, लिहायचं तर कांद्यावर लिहावं, ठिबकावर लिहावं. मी लिहिली कादंबरी. तीसुद्धा अद्भुत!

कादंबरीचं नाव 'रेवाची पळालेली सावली'. तेरला राहणारी रेवा नावाची एक बारा वर्षांची पोर. एके दिवशी तिची सावली तिला सोडून पळून जाते. मग रेवा तिच्या मागं मागं गावाबाहेरच्या जुन्या विहिरीत उतरते. विहिरीच्या तळाला एक दार, दारापलीकडं जमिनीखालचं अख्खं शहर, आणि वाट दाखवायला एक बोलणारी घोरपड. रेवा सावली घेऊन परत येते तेव्हा ती पोर राहिलेली नसते, शहाणी झालेली असते. सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. तुमच्या येत नाही, दिसतंय मला.

पुस्तक छापून आलं. मी फोनची वाट बघत बसलो. लेखकांना म्हणे वाचकांचे फोन येतात, रात्री-अपरात्री येतात, लोक रडतात. मला एक फोन आला. पलीकडचा म्हणाला, "अण्णा, रोटाव्हेटर भाड्यानं हाय का?"

पुस्तकांचे खोके गोडाऊनमध्ये पडून राहिले. आमची मंदा, म्हणजे माझी बायको, रोज तिथनं जाताना त्या खोक्यांकडं असं बघायची की मला वाटायचं, हिची सावली पळाली तर बरं होईल. "उंदरांनी तरी वाचली का वो?" असं विचारायची. ह्या बाईला मी अर्पणपत्रिकेत घातलंय!

मग मला एक भन्नाट कल्पना सुचली. पावसाळा लागला होता. मका गुडघ्याएवढा झाला की युरियाला कशी झुंबड उडते, माहीत आहे ना? मी म्हटलं, वाचक आपल्याकडं येत नाही, पण गिऱ्हाईक तर येतंय! प्रत्येक गिऱ्हाइकाला एक प्रत भेट. फुकट. खतविक्रीच्या सरकारी मशीनवर अंगठा लावला, पोतं उचललं, की पोत्यावर एक कादंबरी.

मंदा म्हणाली, "पुस्तक द्या, पण युरियाच्या पोत्यावर ठेवून देऊ नका."

"का?"

"लोकं काय समजतील?"

"लोक समजतील की आपला दुकानदार साहित्यिक आहे."

"लोकं समजतील की लिंकिंग हाय."

लिंकिंग हा आमच्या धंद्यातला शिवीसारखा शब्द. म्हणजे कसं, युरिया पाहिजे ना? मग सोबत ही बाटली पण घ्यायची. नको असली तरी घ्यायची. नाहीतर युरिया संपला! शेतकरी ह्या प्रकारावर जाम खवळलेला असतो आणि कृषी खात्यात तक्रार गेली तर दुकानाचा परवाना जातो. अहो, पण बाटलीची गोष्ट वेगळी! साहित्याचं कुठं लिंकिंग असतं? मी मंदाला म्हटलं, "तू चहा टाक." तिनं टाकला नाही.

झालं, वाटप सुरू झालं. आणि मी काय करायचो, गिऱ्हाईक दुसऱ्या खेपेला आलं की आधी विचारायचो, "काय, पुस्तक वाचलं का?" लेखकाचं मन हो! विचारल्याशिवाय राहवतंय का?

एक दिवस सकाळी तेरखेड्याचा विष्णू आला. फटाक्याच्या कारखान्यात काम करतो आणि घरची थोडी शेती बघतो. मी म्हटलं, "विष्णू, पुस्तक वाचलं?"

"न्हाय ओ अण्णा. टाईमच न्हाय."

"बरं. काय पाहिजे?"

"युरिया."

"युरिया संपला."

आता देवाशपथ सांगतो, खरंच संपला होता! गोडाऊनमध्ये झाडू मारलेला होता. विष्णू बिचारा तसाच रिकाम्या हातानं गेला. तो समोरच्या हॉटेलात भजी खात बसला आणि इकडं गाडी आली. पोती उतरतायत तोवर दादाराव आले. दादाराव म्हणजे आमच्या भागातला बोलघेवडा माणूस, मयतीला गेला तरी दहा मिनिटं भाषण करून येतो. मी विचारलं, "दादाराव, पुस्तक वाचलं?"

"वाचलं म्हंजे? एक नंबर! डोळ्यात पाणी आलं!"

मी खूश झालो. दादारावांना स्वतः पोती उचलून टेम्पोत टाकून दिली. आणि दादाराव कुठं गेले? समोरच्या हॉटेलात. विष्णूशेजारी!

तिथं त्या दोघांचं काय बोलणं झालं ते मला तेव्हा कळलं असतं ना, तर आज मी तुमच्यासमोर ताठ मानेनं चहा पीत असतो.

दुसऱ्या दिवसापासनं चमत्कार झाला. विष्णू परत आला तो दारातनंच ओरडत. "अण्णा, वाचलं! रातभर झोपलो न्हाय!"

"काय आवडलं रे?"

"समदंच! ती रेवा, ती हीर, ती घोरपड. आयला, काय घोरपड हाय! आमच्या बांधावर हाय तशीच वाटली."

माझं काळीज सुपाएवढं झालं. त्याच्या मागं रांगेत उभा असलेला म्हणाला, "अण्णा, आमच्या घरात तर पाळीपाळीनं वाचत्यात." त्याच्या मागचा म्हणाला, "आमची म्हातारी ऐकून रडती." तिसऱ्यानं तर कमालच केली. म्हणाला, "अण्णा, तुमच्या कादंबरीची उगवण लई चांगली हाय. पयल्या पानापासनं जोमात!"

काय प्रतिमा! मी घरी जाऊन मंदाला सांगितलं, "बघ, शेतकरी आपल्या भाषेत समीक्षा करतोय." मंदा म्हणाली, "त्येला किती पोती पाहिजे हुती?" असल्या प्रश्नाला लेखकानं उत्तर देऊ नये.

आणि मंडळी, प्रतिसाद वाढतच गेला. आमच्या इकडच्या वाशीकडनं लोक यायला लागले, तेरकडनं एसटीनं यायला लागले. पुस्तक वाचलं का म्हणून मी विचारायच्या आधीच बोलायला लागायचे. काहींना तर पाठ असायचं. "बारा वर्षांची रेवा, पळालेली सावली, हिरीचं दार, बोलती घोरपड, शेवट गोड." धडाधड! शाळेत पाढे म्हणतात तसं. सगळे त्याच क्रमानं, त्याच शब्दांत. मी म्हणायचो, बघा, पुस्तक कसं लोकांच्या ओठावर बसलंय.

एकानं विचारलं, "अण्णा, पावसाआधी वाचलेलं चांगलं का पावसानंतर?" मी म्हटलं, कधीही वाचा. तो म्हणाला, "न्हाय, रान जरा सुकलं, वापसा आला की मगच वाचतो." मला ते लई काव्यमय वाटलं. आता तुम्ही हसताय, पण तुमची एखादी ओळ तरी कुणी पाठ केली आहे का? नाही ना? मग? डोक्यात हवा जायला एवढं पुरे असतं.

आणि डोक्यात हवा गेली की माणूस काय करतो? मेळावा घेतो.

'भव्य वाचक मेळावा.' दुकानासमोर मांडव टाकला, खुर्च्या आणल्या, लाऊडस्पीकरवाला बोलावला, पेढे सांगितले. अध्यक्ष म्हणून एका निवृत्त हेडमास्तरांना बोलावलं होतं, पण त्यांना ऐन वेळी पाठदुखी उपटली. त्यांनाही मी प्रत दिली होती, आता वाटतं पाठदुखी त्यातनंच उपटली असणार. दुकानाच्या दाराला बोर्ड लावला. 'रविवारी सकाळी वाचकांनी अगत्य यावे.'

आता मला काय माहीत, गावात त्याचा अर्थ असा लागला की रविवारी युरियाची मोठी गाडी येणार आणि ती फक्त वाचकांना मिळणार!

रविवारी सकाळी मी पांढराशुभ्र सदरा घालून बाहेर येतो तर काय, माणूसच माणूस! मोटारसायकली, टेम्पो, दोन-चार ट्रॅक्टर. प्रत्येकाच्या हातात माझी कादंबरी! कुणी डोक्यावर धरलीय, कुणी काखेत मारलीय. एका म्हाताऱ्यानं तर उलटी धरली होती, पण धरली होती! माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. मी मंदाला खूण केली, बघ. मंदा म्हणाली, "ट्रॅक्टर कशाला आणलेत वो वाचकांनी?"

मी म्हटलं, "दुरून आलेत."

मी माईक हातात घेतला. "माझ्या लाडक्या वाचकांनो!" टाळ्या! "आज मला कृतकृत्य वाटतंय!" आणखी टाळ्या! मागनं कुणीतरी ओरडलं, "गाडी कवा येणार?" मला वाटलं अध्यक्षांच्या गाडीबद्दल विचारतोय. मी माईकवरनं सांगितलं, "गाडी येईल, धीर धरा!" अशा टाळ्या पडल्या म्हणता! आमच्या लग्नात एवढा जल्लोष झाला नव्हता.

आणि तेवढ्यात खरंच एक गाडी आली. पांढरी जीप. सरकारी. आतनं साहेब उतरले. कृषी खात्याचे. मी त्यांना ओळखत होतो, ते दुकान तपासायला यायचे. पण आज रविवार! रविवारी साहेब येतो म्हणजे कशाला येतो? मी म्हटलं, कीर्ती पोहोचली! अध्यक्षांची खुर्ची रिकामीच होती. मी धावत गेलो आणि साहेब काही बोलायच्या आत त्यांच्या गळ्यात हार घातला.

साहेब म्हणाले, "अहो, हे काय, मी..."

"आज आपण अध्यक्ष!" मी म्हटलं आणि त्यांना हाताला धरून मांडवात आणलं. शाल घातली, नारळ दिला. त्यांनी माझ्या कानाशी येऊन हळूच सांगितलं, "मला तुमच्या पुस्तकाबद्दल विचारायचंय."

आता सांगा, लेखकाला ह्याहून गोड वाक्य कुठलं? मी माईक आमच्या दोघांच्या मधोमध धरला. म्हटलं, "सगळ्यांसमोर विचारा साहेब!"

साहेब जरा बिचकले. मग म्हणाले, "हे पुस्तक तुम्ही युरियासोबत देता?"

"देतो!"

"प्रत्येकाला?"

"एकालाही सोडत नाही!"

"आणि कुणी नको म्हटलं तर?"

"कुणाची हिंमत आहे साहेब? माझ्या हातनं पुस्तक घेतल्याशिवाय गिऱ्हाईक दुकानाची पायरी उतरत नाही!"

लाऊडस्पीकर इतका खणखणीत होता की हायवेपलीकडच्या पंपावर ऐकू गेलं. मांडवात एकदम शांतता. मला वाटलं लोक भारावले.

साहेबांनी गळ्यातला हार काढला. शाल काढली. नीट घडी करून खुर्चीवर ठेवली आणि म्हणाले, "लिंकिंगची तक्रार आहे तुमच्याविरुद्ध. पुस्तक वाचून दाखवल्याशिवाय, गोष्ट सांगितल्याशिवाय युरिया देत नाही म्हणे. मला खोटं वाटत होतं, पण तुम्ही तर माईकवरनंच कबूल केलंत. परवाना निलंबित करावा लागेल."

मंडळी, मी माईक पाठीमागं लपवला. वडिलांपासनं चालत आलेलं दुकान! त्यावर घर चालतं, पोरांची शिक्षणं चालतात. आणि ते बंद पडणार कशानं? बोगस बियाण्यानं नाही, काळ्याबाजारानं नाही. घोरपडीनं! एका बोलणाऱ्या घोरपडीनं!

मी म्हटलं, "साहेब, लोकांनी हौसेनं वाचलंय! विचारा कुणालाही! हा विष्णू तर रात्रभर झोपला नाही!"

साहेबांनी विष्णूला पुढं बोलावलं. "काय हो, हौसेनं वाचलं का जबरदस्तीनं?"

विष्णूनं माझ्याकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं, मान खाली घातली. "खरं सांगू का साएब? परवाना गेला तर दुकान बंद व्हणार का?"

"होणार."

"मंग युरिया?"

"कळंबला जाऊन घ्या."

कळंब म्हणताच मांडवात खळबळ उडाली. पिकं उभी, पाऊस पडून गेलेला आणि दुकान बंद? विष्णूनं झटकन पवित्रा बदलला. "साएब, जबरदस्तीचा सवालच न्हाय. म्या पुस्तक वाचलंच न्हाय!"

"पण तू रात्रभर..." मी म्हटलं.

"रातभर जागा हुतो अण्णा. लाईट रातची असती, पाणी द्याया गेलतो."

साहेबांनी वही काढली. "अजून कुणी?"

काय सांगू तुम्हाला, रांग लागली! माझे लाडके वाचक एकेक करून पुढं यायला लागले, मला वाचवायला.

"म्या उघडलंच न्हाय साएब, आतून कसं हाय ते बी ठावं न्हाय."

"आमच्यात दार वाजायचं, त्येला अडकण लावलंय. बेस बसलंय."

"ट्रॅक्टरच्या शिटाखाली घातलंय. पार गुळगुळीत झालंय."

"आमच्या मंडळींनी भाकरीच्या दुरडीखाली ठिवलंय."

मी हळूच म्हटलं, "दादाराव, तुमच्या तर डोळ्यांत पाणी आलं होतं."

दादाराव खाकरले. "आलं हुतं की. कांदा चिरीत हुतो."

"मग सगळ्यांना गोष्ट कशी पाठ होती?" साहेबांनी विचारलं.

"ती मागच्या पानावर छापलीय की! फोटोच्या खाली. हॉटेलात एकजण मोठ्यानं वाचायचा, आमी ध्यानात ठिवायचो."

तुम्हाला सांगतो, एकेका वाक्यानं माझा परवाना वाचत होता आणि एकेका वाक्यानं माझा जीव जात होता. हसावं का रडावं? साहेब खूश होत होते. म्हणाले, "म्हणजे कुणीच वाचलेलं नाही. मग सक्ती झालीच नाही. तक्रार निकाली काढायला हरकत नाही."

मी सुटकेचा श्वास सोडला. आणि मागनं आवाज आला.

"म्या वाचलंय!"

गर्दी बाजूला झाली. गोदामावशी! आमच्या आईच्या वयाच्या, शेती स्वतः करतात. सातवी शिकलेल्या. हातात माझी कादंबरी, तिला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, आत खूण म्हणून कडब्याची काडी!

अहो, मी कव्हर घातलेली माझी कादंबरी पहिल्यांदा बघत होतो. दुसऱ्या एखाद्या दिवशी मी त्यांचे पाय धरले असते. त्या दिवशीही धरायची वेळ आली होती, पण वेगळ्या कारणासाठी.

साहेब सावध झाले. "तुम्ही वाचलं? पूर्ण?"

"समदं. दोनदा."

"दोनदा? आवडलं म्हणून?"

"कशाचं आवडतंय! दोन पोती पाहिजे हुती म्हणून दोनदा वाचलं."

मांडवात कुणीतरी फिस्सकन हसलं. माझीच मंदा होती ती!

साहेबांनी परत वही उघडली. "म्हणजे युरियासाठी वाचावं लागलं?"

"मंग काय! समदं गाव सांगत हुतं, वाचल्याबिगर देत न्हाय. ह्या भाड्यांनी मागचं पान पाठ केलं. मला न्हाय तसलं जमत. म्हनलं, मागतोय तर वाचून जावं इमानदारीनं. कांदा निवडायचा सोडून वाचलं. चष्मा बदलावा लागला बाबा!"

आता बघा माझी काय अवस्था! अख्ख्या जिल्ह्यात माझा एकुलता एक वाचक, आणि तोच माझ्याविरुद्ध एकमेव साक्षीदार. मी त्यांना बाजूला घेतलं. हात जोडले. "मावशी, पाया पडतो, म्हणा ना की नाही वाचलं!"

"का म्हणू?"

"माझं दुकान जाईल हो!"

"आन् माझी मेहनत? एवढी जाडी पोथी दोनदा वाचली ती पाण्यात घालू व्हय? येवढ्याशा पोरीला हिरीत उतरवलं, पार जमिनीखाली फिरवून आणलं, आन् घरी आल्यावर आईनं तिला जेवाय वाढलं का न्हाय, ते लिहिलंच न्हाय तू! दोन्ही बारीला बघितलं म्या. दोन्ही बारीला न्हाय!"

खोटं कशाला बोलू, त्या धावपळीतही मी मनातल्या मनात कादंबरीचं शेवटचं पान उलटून बघितलं. लिहिताना मला हे सुचलं नव्हतं. आयुष्यातली पहिली खरी प्रतिक्रिया आणि मी मावशींना म्हणतोय, तुम्ही वाचलंच नाही असं सांगा! असला करंटा लेखक जगात दुसरा नसेल.

साहेब जवळ आले. "मावशी, ह्यांनी स्वतः तुम्हाला सांगितलं होतं का, वाचल्याशिवाय युरिया नाही म्हणून?"

"ह्यानं? न्हाय. ह्यानं नुसतं विचारलं, वाचलं का म्हणून. तोंड असं बारीक करून. मला वाटलं, ह्येची बी काय अडचण असंल."

"मग तुमचा गैरसमज झाला."

"झाला असंल. पण भरपाई कोण देणार?"

"कसली भरपाई?"

"वाचल्याची!"

झाली ना पंचाईत! शेवटी साहेबांनीच तोड काढली. मला म्हणाले, "असं करा, तुम्ही स्वतःच्या हातानं एक जबाब लिहून द्या. ह्या लोकांच्या त्यावर सह्या घ्या. मावशींचंही समाधान होईल असं काहीतरी लिहा. मी प्रकरण मिटवतो."

तर मंडळी, माझ्याच मेळाव्यात, माझ्याच पुस्तकावर कागद ठेवून मी ह्या ओळी लिहिल्या. मला अजून तोंडपाठ आहेत.

'मी लिहून देतो की, रेवाची पळालेली सावली ही कादंबरी मीच लिहिलेली असून ती मी हौसेने फुकट वाटतो. खताशी तिचा काहीही संबंध नाही. सदर कादंबरी परिसरात कोणीही वाचलेली नाही, व ती वाचण्याची सक्ती कोणावरही नव्हती व यापुढेही राहणार नाही. केवळ गोदामावशी यांनी ती गैरसमजातून दोन वेळा वाचली. त्यांना झालेल्या त्रासाबद्दल मी लेखक या नात्याने जाहीर माफी मागतो.'

लाऊडस्पीकरवाल्यानं ते मलाच माईकवरनं वाचायला लावलं. काय टाळ्या पडल्या! मेळावा यशस्वी झाला म्हणा ना.

मग सह्या सुरू झाल्या. आणि गंमत बघा. ज्या माणसांनी माझी कादंबरी उघडून बघितली नव्हती, तीच माणसं आता कागद हातात घेऊन, उन्हात धरून, ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द वाचत होती. दादारावांनी तर परत पहिल्यापासनं वाचलं. विष्णू म्हणाला, "अण्णा, ह्येचा फोटो काढू का? घरी दाखवतो." काढला, आणि दुपारपर्यंत पार धाराशिवपर्यंत फिरला. त्या दिवशी मला फोन आले म्हणता! फोन ठेवायची सोय नव्हती. पोट धरून हसत होते लोक, काहींच्या तर खरंच डोळ्यांत पाणी आलं.

सगळ्यात शेवटी गोदामावशी आल्या. नवा चष्मा चढवला, कागद घेतला, सावकाश वाचला. सही केली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून मायेनं म्हणाल्या,

"सुधाकर, ह्ये मातर झ्याक लिहिलंस बाबा. असंच लिहीत जा. एका पानात समदं कळलं आन् युरियासाठी वाचतोय असं वाटलंच न्हाय!"